बायकांनी किती उचलावे?

आमच्या धाराशिव जिल्ह्याचे नाव परगावी काढले, की कोणाला तुळजापूरची भवानी आठवते, कोणाला उस्मानाबादी शेळी. (२०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे मात्र जुनेच चालू आहे.) ज्यांना ही दोन्ही आठवत नाहीत, त्यांना पाण्याची टंचाई आठवते. उन्हाळ्यात डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन निघालेल्या बायकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांनी घरोघर पोहोचवली आहेत. आता एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा लिटरांची घागर आणि आठ लिटरांची कळशी मिळून तेवीस किलो झाले, भांड्यांचे वेगळेच. या बाईला वाटेत थांबवून, "अहो, जड उचलू नका, बायकांना ते झेपत नाही," असे कोणी म्हटल्याचे निदान माझ्या तरी कानांवर नाही. तिच्या मुलीने लोखंडी दांडा उचलायचे नाव काढले, की मात्र सगळ्यांना एकदम शरीरशास्त्र आठवते.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलीची आई मला भेटावयास आली. मुलगी खो-खो खेळणारी. पायांत जोर यावा म्हणून जिमखान्यात वजने उचलू लागली होती. आई म्हणाली, "मॅडम, खेळू द्या तिला, पर ते लोखंड नको. अंग पुरुषावानी झालं तर सोयरीक कुठून यायची? अन् पोटाला काही झालं म्हंजे?"

मी विचारले, "ताई, तुम्ही घरी काय काय उचलता?"

"आमचं काय, सोयाबीनचं पोतं बी चढवू लागतो गाडीत. आमचं वेगळं."

त्यांचे वेगळे आहे हे अगदी खरे, फक्त कारण निराळे आहे. पोते भरेल तेवढे उचलावेच लागते. काल पाठ धरली म्हणून आज ते पाच किलोंनी हलके होत नाही. व्यायामातले वजन आपण ठरवतो, मोजतो, झेपले तरच वाढवतो आणि दुसऱ्या दिवशी अंगाला सुट्टी देतो. स्नायू बळकट होतात ते उचलून झाल्यावर, खाण्यात आणि झोपेत. नेमक्या त्याच दोन गोष्टी या माउलीच्या वाट्याला कमी.

अंग पुरुषी होण्याची भीती तर मला गमतीची वाटते. पुरुषांचे दंड फुगतात त्यात ज्या संप्रेरकाचा मोठा हात असतो, ते बायकांच्या शरीरात फार थोडे असते. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडचेच पाहा ना! २०२२ साली ग्रीसमध्ये झालेल्या ज्युनिअर जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत ती ४५ किलो गटात पहिली आली. त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय. स्नॅचमध्ये, म्हणजे जमिनीवरून एका दमात डोक्यावर, ७० किलो. आणि क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यापर्यंत व मग वर, ८३. हे सारे स्वतःचे वजन पंचेचाळिसाच्या आत ठेवून! छायाचित्रात पाहिली तर वर्गातल्या पहिल्या बाकावरची कोणीही मुलगी वाटावी. आमच्या इथल्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि खो-खोला आता आमच्याकडे कोणी फारशी हरकत घेत नाही. लोखंडाची पाळी अजून यावयाची आहे.

माझे स्वतःचे कारण पदकाचे नव्हते. तीन वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघराच्या उंबऱ्यात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. पडणे तसे साधेच होते. डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यावर बायकांची हाडे भराभर विरळ होतात. तोवर स्नायूंत आणि हाडांत जेवढी शिल्लक टाकाल तेवढी खरी. हाडांवर बेताबेताने भार वाढवत नेला, तर ती घट्ट राहण्यास मदत होते. मला तेव्हा चव्वेचाळिसावे चालू होते. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला मी जातच होते. त्यात वाङ्मयचर्चा पुष्कळ झाली, हाडांच्या पदरात काय पडले ते ठाऊक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही, चालण्याबिलण्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे.

ज्या भगिनींना सुरुवात करावयाची आहे, त्यांनी पहिले पंधरा दिवस लोखंडाला हातच लावू नये. खुर्चीवर बसणे आणि हात न टेकता उठणे, एवढेच करावे. दुसरा धडा वाकण्याचा. लांब झाडूचा दांडा पाठीवर उभा धरावा. तो डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला अशा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. तसाच टेकलेला ठेवून, गुडघे किंचित सैल सोडून, खुब्यातून वाकावे. तीनपैकी एक जागा जरी सुटली तरी पाठ वाकली असे समजावे. आपण आयुष्यभर बादली उचलतो ती नेमकी पाठ वाकवून. हे साधले, की पाच किलो तांदळाची पिशवी, मग दांडा. स्पर्धेतला बायकांचा दांडा १५ किलोंचा आणि मुठीला बसावा म्हणून जरा बारीक असतो. साध्या जिममध्ये बहुधा २० किलोंचाच मिळतो. तो पावलांच्या मध्यावर, नडगीजवळ ठेवावा, पाठ सरळ ठेवून पायांनी जमीन दाबत उठावे. आठ-आठ वेळा, तीन फेऱ्या. आणखी दोनदा उचलता आले असते असे वाटतानाच थांबावे. मध्ये एक दिवस सोडून आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. सगळे नीट जमले, तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो वाढवावे आणि वहीत मांडावे. लांब मंगळसूत्र आत खोचावे, ते दांड्यात अडकते. रक्तदाब, हर्निया, अंग बाहेर येण्याची तक्रार किंवा नुकतेच झालेले बाळंतपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पहिले काही महिने जाणत्याच्या नजरेखालीच करावे.

आणि पोटभर जेवावे. डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडे. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरते, त्यावर दांडा उचलला जात नाही.

वीस किलोंपासून सुरू करून दोन वर्षांत मी साडेबावन्नपर्यंत आले आहे. आईला डॉक्टरांनी खुर्चीवरून उठण्या-बसण्याची परवानगी दिली आहे. रोज सकाळी ती दहा वेळा उठते. आकडे मात्र स्वतःच मोठ्याने मोजते; माझ्या मोजण्यावर तिचा विश्वास नाही.