हातातली पाने

पोकर हा खेळ आपल्याकडच्या घरांत काही रुजला नाही. आपण मेंढीकोट, झब्बू आणि पाच-तीन-दोन खेळत वाढलेली माणसे, फार तर दिवाळीत रमी. पोकर म्हटले की चोर्ला घाट उतरून पणजीला गेलेली आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवरून रिकाम्या खिशाने परतलेली पोरे आठवतात. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. मला त्याचे जराही वाईट वाटले नाही. वर्गातल्या मागच्या बाकांवर काय चालायचे ते मी पाहिले आहे.

पण पैसा बाजूला ठेवून नुसता खेळ पाहिला, तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी पाने, आणि पान उघडत जाईल तसतशा बोली. चांगल्या खेळाडूचा बराचसा वेळ खेळण्यात जातच नाही. पाने उचलायची, पाहायची आणि मुकाट्याने टाकून द्यायची. तासन् तास हेच. एखादा मोठा डाव हरला की माणूस चिडतो आणि पुढच्या डावात नको ती पाने घेऊन भिडतो. या अवस्थेला पोकरवाले ‘टिल्ट’ म्हणतात. पिनबॉलचे यंत्र फार हलवले की ते बंद पडते, तिथून आलेला हा शब्द. आपण नुसते ‘डोके फिरले’ म्हणतो!

याची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. नुसती पाने टाकत बसणाराही पोकरमध्ये हरतो. दर फेरीला आळीपाळीने दोघांना पाने पाहण्याआधीच ठरावीक रक्कम मध्ये टाकावी लागते, त्यामुळे गप्प बसलेल्याचा ढीगही हळूहळू झिजतो. थांबायचे ते योग्य पानासाठी, आणि ते आले की हात आखडायचा नाही. घरी आपण कन्नडमध्ये सहज ‘ताळ्मे’ म्हणून जातो आणि मराठीत ‘दमाने घे’ म्हणतो, तेव्हा हा दुसरा अर्धा भाग बहुधा गळूनच जातो.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पत्त्यांचे टेबल नाही, इंदूरचे क्रिकेट आहे. इंदूर म्हणजे होळकरांचे गाव, आणि आपल्यासारखीच दोन भाषांत जगणारी मराठी घरे तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. यातले सरवटे तर १९४६ साली ओव्हलवर दहाव्या क्रमांकावर येऊन नाबाद १२४ करून गेले. अकराव्या क्रमांकाच्या शुटे बॅनर्जींनी १२१ केल्या आणि शेवटच्या जोडीने २४९ धावा जोडल्या. नंतर होळकर संघ इतिहासजमा झाला, मध्य प्रदेशचा संघ आला आणि करंडक दुर्मीळ होऊन बसला.

तो १९९९ साली अगदी हाताशी आला होता. बंगळूरचे चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशचा कर्णधार चंद्रकांत पंडित, मूळचा मुंबईचा यष्टिरक्षक. रणजीच्या अंतिम सामन्याचा नियम असा, की सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता. मध्य प्रदेशकडे ७५ धावांची आघाडी होती. म्हणजे जिंकती पाने हातात. शेवटच्या दिवशी २४७ धावांचे लक्ष्य मिळाले, पण ते गाठण्याची गरजही नव्हती, नुसते बाद न होता उभे राहायचे होते. संघ १५० धावांत गुंडाळला गेला. विजय भारद्वाजने सहा बळी घेतले आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरात साहजिकच कर्नाटकाचा जयजयकार झाला, आणि लगेच ‘पण पंडित आपलाच की हो’ असेही कोणी तरी म्हणाले. सीमाभागातल्या घरांना ही कसरत नवी नाही. त्या पराभवाला तेव्हा सगळ्यांनी दडपण म्हटले. मला वाटते, नुसते टिकायचे ठरवले की हात आपोआप आखडतात. धाव निघत नाही, क्षेत्ररक्षक बॅटीभोवती गोळा होतात आणि फिरकी गोलंदाजाला हवे ते आयते मिळते. पोकरमधला तो झिजत जाणारा ढीग म्हणतात तो हाच.

पंडित पुढे प्रशिक्षक झाले, आणि तेही कडक. त्यांच्या हाताखाली विदर्भाचा संघ डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकाशी भिडला. या वेळी पाने उलटी पडली होती. पहिल्या डावात ११६ धावांची आघाडी कर्नाटकाकडे, विदर्भाचा पहिला डाव १८५ वर संपलेला. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि १९८ चे लक्ष्य दिले. सात बळी गेल्यावरही कर्नाटकाच्या तळाच्या फलंदाजांनी सामना ओढत नेला. रजनीश गुरबानीने सात बळी घेतले आणि विदर्भ जिंकला, अवघ्या पाच धावांनी! कर्नाटकाच्या पाठीराख्यांना तो दिवस अजून सलतो. अंतिम सामना झाला इंदूरच्याच होळकर मैदानावर. गुरबानीने हॅटट्रिक घेतली, दिल्ली हरली आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला.

मग पंडित पुन्हा मध्य प्रदेशकडे आले. त्यांच्या शिस्तीचे किस्से वर्तमानपत्रांत येत. कर्णधार आदित्य श्रीवास्तवला स्वतःच्या लग्नासाठी दोन दिवसांचीच रजा मिळाली, असे छापून आले होते. आमच्याकडे प्राचार्यसुद्धा इतके कठोर नसतात.

जून २०२२ मध्ये अंतिम सामना, पुन्हा बंगळूर, पुन्हा चिन्नास्वामी. या वेळी समोर मुंबई, म्हणजे पंडितांचे माहेरच. मुंबईने ३७४ केल्या, त्यात सर्फराज खानच्या १३४. उत्तरादाखल मध्य प्रदेश १७७ षटकांहून अधिक वेळ खेळत राहिला. यश दुबेने १३३ धावांसाठी सव्वातीनशेहून अधिक चेंडू खेळले. शुभम शर्माने ११६ केल्या, इंदूरच्या रजत पाटीदारने १२२. एकूण ५३६. म्हणजे १६२ धावांची आघाडी, आणि नियम १९९९ चाच.

आता धीर सोडायची पाळी मुंबईवर आली. त्यांना दोष देववत नाही. अनिर्णित सामना म्हणजे पराभव, तेव्हा वेगाने धावा काढून लक्ष्य देण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. हाती कमी पैसे उरलेल्या पोकर खेळाडूला असेच मिळेल त्या पानावर भिडावे लागते. फटके मारता मारता विकेट गेल्या, कुमार कार्तिकेयने चार बळी घेतले आणि मुंबई २६९ वर थांबली.

शेवटच्या दिवशी हव्या होत्या १०८ धावा. आघाडी होतीच, दिवसभर चेंडू अडवत बसले असते तरी करंडक मिळाला असता. मध्य प्रदेश तसे बसले नाही. चार गडी गमावले, पण धावा काढत राहिले आणि सहा गडी राखून जिंकले. शेवटची धाव पाटीदारच्या बॅटमधून आली. पंडित मैदानात आले तेव्हा त्यांना रडू आवरत नव्हते, आणि पोरांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. आमच्याकडे त्या दिवशी मुंबईवाले आणि इंदूरवाले असे दोन तट पडले होते. तरी टीव्हीसमोर बसलेली माझी सासू, जिला क्रिकेटमधले फारसे कळत नाही, पंडितांकडे बघून एवढेच म्हणाली, ‘ताळिदवनु बाळियानु.’ सोसेल तो तरेल. ‘पण तेवीस वर्षं म्हणजे फारच झाली हो,’ असेही पुढे मराठीत म्हणाली.