भाचीचे अमेरिकन वर्ष

परदेशी शिकून आलेली मुले बिघडतात, असे आमच्या सोसायटीचे ठाम मत आहे. म्हणून दहावीनंतरचे एक वर्ष अमेरिकेत काढून आमची भाची परतली, तेव्हा सारे तिचे उच्चार ऐकायला टपून बसले होते.

तिला धाडले एएफएसने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका हाकणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही संस्था. १९४७ पासून ती शाळकरी मुलांना देशोदेशीच्या घरी राहायला पाठवू लागली. ठेवून घेणारे कुटुंब त्याचे पैसे घेत नाही, हे ऐकून शेजारचे काका दोन दिवस अस्वस्थ होते!

उच्चार होते तसेच आहेत. पण जेवण झाल्यावर पोरीने आपले ताट घासले, वर आमचेही! तिकडे पाहुणचार दोनच दिवस झाला. तिसऱ्या दिवशी घरकामाच्या पाळीत तिचे नाव लागले. हिवाळ्यात दारातला बर्फही तिनेच फावड्याने उपसला. पहिले दोन महिने रात्री रडत होते, हे मात्र तिने आता सांगितले. फोनवर आपले ‘मजेत आहे’!

इथवर सगळे ठीक होते. परवा तिने विचारले, “आई, तुला स्वतःला काय आवडतं गं?”

“तुम्हाला आवडतं तेच.”

“ते नव्हे. तुला?”

ताईचे लाटणे थांबले. तिला उत्तर सुचेना. दोन दिवसांनी म्हणाली, “गाणं.”

आता रविवारी ताई गाण्याच्या क्लासला जाते आणि दाजी भाजी चिरतात. धाकट्याला काही धाडायचे नाही, असे ते काल आम्हाला हळूच सांगून गेले.