मेस्त्रींचा कॅमेरा

आमच्या चितेगावात एके काळी टीव्ही संचांचा मोठा कारखाना धडधडत असे. त्यामुळे चित्र दाखविणारे यंत्र ही काही देवाघरची वस्तू नव्हे, हे इथल्या मुलांना ठाऊक आहे. म्हणूनच की काय, तासाला मी बाबूराव पेंटरांची गोष्ट काढली की मागची बाकेही चिडीचूप होतात.

कोल्हापूरच्या या माणसाचे आडनाव मेस्त्री. जन्म १८९० चा. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते 'पेंटर' झाले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि बाबूराव व त्यांचे नातलग आनंदराव यांना सिनेमाने झपाटले. विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा कुठला? मग घरीच करू! १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव मात्र हटले नाहीत. दामल्यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. भांडवल दिले तानीबाई कागलकर या गायिकेने! अशी वेडी माणसे सगळीकडे निपजतात. तिकडे हाँगकाँगात ली मिनवेईंनी आपल्या पहिल्या चित्रपटात बायकोचे काम स्वतःच केले आणि १९२३ साली भावांसह कंपनी काढली. बाबूरावांनी १९२० च्या 'सैरंध्री'त स्त्रियांनाच उभे केले. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले.

पण मला विचाराल तर त्यांची खरी छाती दिसली १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये. देवादिकांचे चमत्कार चालत असताना या गृहस्थाने कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला! खोट्या कागदांवर जमीन जाते आणि तो शहरात गिरणीची वाट धरतो. तरुण शेतकरी झाले होते शांताराम. प्रेक्षकांना ते पचले नाही. पैठण रस्त्याच्या कारखान्यांत बाप कामाला असलेला एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, जमीन परत मिळते का हो शेवटी?" पोराचा प्रश्न सिनेमाबद्दलचा नव्हता, हे मला कळले.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि 'प्रभात' निघाली. गुरूच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे केवढे नाव काढले, हे आपण जाणतोच. बाबूरावांच्या मूकपटांच्या फिती मात्र बहुतेक नष्ट झाल्या. पण गडी हट्टी. न चाललेला तो 'सावकारी पाश' त्यांनी १९३६ साली पुन्हा काढला, या वेळी बोलपट करून.