सागरदुर्गांचा जयघोष आणि उशाशी पडझड

हिवाळा लागला की सवलतीच्या भाड्याची एसटी भरून विदर्भातल्या शाळांच्या सहली थेट कोकण गाठतात, होडीतून उतरलेली, आयुष्यात प्रथमच समुद्र पाहणारी वनप्रदेशातली पोरे 1664 साली कुरटे बेटावर पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गाचा तट डोळे विस्फारून न्याहाळतात, आणि गुरुजी त्यांना स्वराज्याच्या आरमाराची गाथा ऐकवतात. हे उचितच आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सावली गावच्या शाळेतल्या पोरांपैकी किती जणांनी वैनगंगेपलीकडचा, आरमोरी तालुक्यातला वैरागडचा भुईकोट पाहिला, हा आमचा प्रश्न आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने अकबराच्या दरबारी बसून केली. आमच्या सहलीच्या यादीत मात्र वैरागडला जागा नाही!

आणि चंद्रपूर? इरई-झरपट नद्यांच्या कुशीत गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने ज्याचा आरंभ केला, मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफा ज्याने छातीवर झेलल्या, ज्याच्या आत 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेले बाबुराव शेडमाके फासावर गेले, त्या गोंडकालीन परकोटाला खेटून आज अतिक्रमणे उभी आहेत आणि शेजारून वाहणाऱ्या झरपटीत शहर आपले सांडपाणी निर्लज्जपणे सोडते आहे. मार्च 2017 पासून इको-प्रो संस्थेचे तरुण स्वतः फावडी-घमेली घेऊन शेकडो दिवस हा तट साफ करीत राहिले, तेव्हा पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मधून त्यांची पाठ थोपटली गेली. थोपटावीच! परंतु पगारी यंत्रणेचे कर्तव्य बिनपगारी हातांनी पार पाडावे आणि यंत्रणेने वर टाळ्या पिटाव्यात, याला गौरव म्हणत नाहीत. ही नाचक्की आहे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने बारा मराठा दुर्गांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार सागरी. राज्यभर जल्लोष झाला. पण ज्या मालवणात सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे लाटांचे तडाखे सोसत उभा आहे, तिथेच 4 डिसेंबर 2023 रोजी थाटात अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, हे जल्लोष करणाऱ्यांना कोणी आठवून द्यायचे? उभारण्याची हौस दांडगी, राखण्याचा कंटाळा त्याहून दांडगा. आणि राजा गोंड असेल तर ती उभारण्याची हौससुद्धा आटते. वारशालाही जात चिकटवणाऱ्या या समाजाने महाराजांचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे?

1936 साली या सावलीत गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते, खुद्द गांधीजी इथे आले होते. श्रमाची प्रतिष्ठा या गावाला नव्याने शिकवावी लागू नये. मुख्याध्यापकहो, कोकण अवश्य दाखवा, पण यंदाची पहिली गाडी मूलमार्गे चंद्रपूरला न्या, दुसरी वैरागडला. पोरांना तटाच्या कडेकडेने चालवा, जे दिसेल ते त्यांच्याच अक्षरांत लिहून घ्या, आणि ती पत्रे पुरातत्त्व खात्याच्या व जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून लेखी उत्तर मागा.