पाचोळ्याला काडी लावू नका

हुबळी-धारवाडच्या हिवाळ्यात बागेतल्या जिवांना गारठ्यापेक्षा कोरडेपणा छळतो. परतीचा पाऊस ओसरला की वळवापर्यंत जमीन सुकत जाते आणि नेमका तेव्हाच साधनकेरीपासून विद्यानगरपर्यंत अंगणातला पाचोळा जाळला जातो. त्याच थराखाली ओल टिकते, गांडुळे, बेडूक तग धरतात. किडे टिपायला दयाळ येतो. पाचोळ्यात साप येतात, ही भीती खोटी नाही. म्हणून ढीग घरापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात करावा. या कोरड्या दिवसांत पक्ष्यांसाठी पाणीही ठेवावे. त्यात डास होतात? मग परळ रोज घासून भरावी. उघड्यावर कचरा जाळण्याला २०१६ च्या घनकचरा नियमांनीही मनाई केली होती. पाखरांना दाणे टाकण्याचे पुण्य जरूर मिळवा. पण आधी काडेपेटी आवरा, कारण त्याला खर्च काहीच नाही.