कागदावरचे विमाकवच

स्वमग्नतेवर शस्त्रक्रिया नाही. वाचा-उपचार, व्यवसायोपचार बालवयातच सुरू करून वर्षानुवर्षे चालवावे लागतात. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वार्षिक १ लाख रुपयांच्या मर्यादेत अशा बाह्यरुग्ण उपचारांचाही विचार करते, हे स्वागतार्हच. परंतु प्रतिपूर्ती मिळते ती आधी खर्च करू शकणाऱ्याला! नामपूरच्या कांद्याच्या खळ्यावर राबणारी माता मुलाला घेऊन नाशिकला गेली, तर बसभाडे आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली. उपचार मात्र दारी आले नाहीत. बागलाण तालुक्यातील सरकारी रुग्णालयांत उपचारक नेमावेत, विम्याची रक्कम परस्पर उपचारकेंद्राला द्यावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. अन्यथा हे कवच पैसेवाल्यांचेच राहील.