दुचाकीची गादी : मऊ विकावी की योग्य?

कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर गाड्यांच्या सामानाची आणि सीट कव्हरची दुकाने ओळीने आहेत. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरीवलीतही गल्लोगल्ली रेक्झिन कापणारे आणि सीट शिवणारे कारागीर बसतात. या धंद्यावर आपल्या पुष्कळ बंधूंची रोजी आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. आपण गिऱ्हाइकाला मऊ गादी विकतो, योग्य गादी विकत नाही.

आमचाच अनुभव घ्या. एकदा मोटारसायकलने नाशिकला जायचे होते. निघण्यापूर्वी एका दुकानातून सीटवर टाकायची जाड गादी घेतली. दुकानदाराने अंगठ्याने दाबून दाखवली, आम्हीही दाबली आणि खूश झालो. घाटकोपरहून निघालो तेव्हा सिंहासनावर बसल्यासारखे वाटले. ठाणे, भिवंडी मागे पडले आणि शहापूर येईपर्यंत मांड्या बधिर झाल्या. कसारा घाट अजून पुढेच होता. उतरून पाहिले तर गादी चपटी होऊन पापडासारखी झाली होती.

असे का होते? बसल्यावर अंगाचे बहुतेक वजन ढुंगणाच्या दोन हाडांवर येते. फोम फार मऊ असला की तो पूर्ण दबतो आणि ती हाडे थेट खालच्या पत्र्यावर टेकतात. तेथील रक्तप्रवाह आवळला जातो आणि प्रथम मुंग्या, मग ठणका सुरू होतो. दुकानात अर्धा मिनिट सुख देणारी गादी आणि रस्त्यावर तीन तास साथ देणारी गादी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

फोमची पारख अंगठ्याने होत नाही, तराजूने होते. बाजारात ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो. या हिशेबाने ६ फूट बाय ३ फूट, एक इंच जाडीची शीट साधारण १ किलो ७०० ग्रॅम भरली पाहिजे. ३२ डेन्सिटीची तीच शीट १ किलो ३६० ग्रॅमच्या आसपास भरेल. चाळीसच्या नावाने घेतलेला माल किलोभरच भरला तर काय समजायचे ते समजावे. काही हलक्या मालात वजन वाढवायला भुकटी मिसळलेली असते, म्हणून दुसरी परीक्षाही करावी. एक तुकडा रात्रभर वजनाखाली दाबून ठेवावा. सकाळी जो पुन्हा आपल्या जाडीवर येतो तो माल खरा.

आमचे मत असे की लांबच्या प्रवासासाठी गादी दोन थरांची असावी. खाली टणक फोम किंवा तुकडे दाबून बनवलेला रिबॉन्डेड, आणि वर पाऊण-एक इंच मऊ थर. बसण्याची जागा मागे रुंद, पुढे मांड्यांपाशी निमुळती आणि तेथे कडा गोल केलेल्या हव्यात. उंची उगाच वाढवू नये. अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर पावलोपावली थांबावे लागते. तेथे ज्याचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत त्याला आपण आराम नव्हे, धोका विकलेला असतो.

जेलच्या गादीचा आज बोलबाला आहे. ती दाब बरा वाटते, पण उन्हात उभ्या गाडीवर तापते आणि लवकर निवत नाही. हवेच्या कप्प्यांची गादी मूळ व्हीलचेअरवरच्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत निघाली. ती चांगली, पण लोक ती फुग्यासारखी टम्म भरतात आणि मग तीच टोचते. हवा इतकीच ठेवावी की बसल्यावर हाडे खाली टेकू नयेत. गादी पट्ट्याने घट्ट बांधावी. ब्रेक मारताना ती सरकली तर स्वारच सरकतो.

मुंबईच्या पावसाचा विचार तर प्रत्येक कारागिराने करावा. बसण्याच्या जागेवर शिलाई घेतली की सुईच्या भोकांतून पाणी आत जाते आणि फोम ते धरून ठेवतो. शिलाई बाजूला घ्यावी, रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा कागद घालावा. घामासाठी वरून जाळीचे कव्हर द्यावे.

कोणी म्हणेल, इतकी कटकट कोण करतो? आता लोक मोबाइलवरून गादी मागवतात. बरोबर आहे, पण खोक्यातून येणारी गादी सर्वांना एकाच मापाची असते. ती गिऱ्हाइकाचे वजन विचारत नाही, त्याची उंची पाहत नाही, त्याची गाडी ओळखत नाही. आपला कारागीर हे सर्व करू शकतो आणि हेच त्याचे भांडवल आहे. दिवसाचे दहा-दहा तास गाडीवर काढून घरोघरी जेवण पोचवणारी मुले आज हजारोंनी आहेत. त्यांच्या कमरेची काळजी जो घेईल त्याच्याकडे ती आपले दहा मित्र आणतील.

म्हणून आमची विनंती एवढीच की बिलावर फोमची डेन्सिटी लिहा. गिऱ्हाइकाला दहा मिनिटे गादीवर बसवा. आठ दिवस गाडी चालवून परत यायला सांगा आणि कमी-जास्त असेल ते फुकट दुरुस्त करून द्या. मालातला ऐब आपण होऊन सांगणाऱ्याचे एखादे गिऱ्हाईक जाईल, पण दुकानाची पत राहील. धंद्यात बरकत पतीने येते, अंगठ्याखाली दबणाऱ्या फोमने नव्हे.